एकच पेलेट, दर वेळी वेगळं वजन: घरचा मिलिग्रॅम काटा का भरकटतो

सकाळी ०.५३२ ग्रॅम भरलेली पेलेट, म्हणजे एअर रायफलची शिशाची छोटी गोळी, दुपारी ०.५३९ भरते आणि रात्री पुन्हा ०.५३१. पेलेट तीच, काटा तोच, टेबलही तेच. इंदुरात दहा मीटर एअर रायफल खेळणाऱ्या मुलांच्या घरून ही तक्रार माझ्याकडे सारखी येते. बहुतेक घरांत तोवर दुसरा काटा आणून झालेला असतो आणि तोही तसाच वागत असतो. माझी नोकरी पीथमपूरच्या एका औषध कारखान्यात, तपासणी प्रयोगशाळेतले तराजू सांभाळण्यात गेली. त्यामुळे लोक काटा पिशवीत घालून थेट रामबागेत, माझ्या घरी घेऊन येतात. पिशवीतून आलेला काटा माझ्या टेबलावर तासभर चालू ठेवला की बऱ्याचदा आपोआप सुधारतो. म्हणजे दोष त्याच्यात नव्हता, तो ज्या खोलीत ठेवला होता तिच्यात होता.

तरीही आधी काट्याबद्दल न बोलता निशाण्याबद्दल बोलू. किती अचूक काटा हवा हे दुकानदार ठरवू शकत नाही, निशाणा ठरवतो.

एक मिलिग्रॅम निशाण्यावर किती दिसतो?

मॅचची रायफल पेलेट ४.५ मिलिमीटरची, वजन साधारण ०.५३ ग्रॅम. पिस्तुलासाठीच्या हलक्या, ०.४५ ते ०.४९ च्या आसपास. वेग सेकंदाला १७० मीटर धरला तर दहा मीटर जायला ०.०५९ सेकंद लागतो, आणि तेवढ्या वेळात पेलेट सुमारे १७ मिलिमीटर खाली येते. आता एखादी पेलेट ५ मिलिग्रॅमने, म्हणजे जवळपास एक टक्क्याने जड निघाली. मागून ढकलणारी हवा तेवढीच, म्हणून वेग अंदाजे अर्ध्या टक्क्याने कमी होतो आणि खाली येणं एक टक्क्याने वाढतं. फरक पडला ०.१७ मिलिमीटर. एअर रायफलमध्ये गुण १०.१, १०.२ असे दशांशात मोजतात आणि टार्गेटवर दशांशाची एक पायरी ०.२५ मिलिमीटरची असते. म्हणजे ५ मिलिग्रॅमचा फरक एक दशांशही पुरता खात नाही. एक मिलिग्रॅमचा परिणाम ०.०३ मिलिमीटर, तो तुमच्या नाडीच्या ठोक्यात हरवून जातो.

मग पेलेट तोलायच्याच कशाला? हांगझोच्या एशियन गेम्समध्ये रुद्रांक्ष पाटील, दिव्यांश पनवार आणि आपल्या शेजारच्या खरगोनचा ऐश्वर्य प्रताप सिंग तोमर या तिघांनी मिळून १८९३.७ गुण केले होते. एकूण शॉट १८०, म्हणजे सरासरी १०.५२. त्या पातळीवर दशांशाला किंमत आहे. आपल्या घरातलं मूल साठ शॉटमध्ये ६१५ च्या आत असेल, तर माझा सल्ला असा की काट्याचे पैसे वाचवा आणि दोन-तीन बॅचच्या पेलेट आणून रायफल क्लॅम्पला लावून कोणत्या बॅचची छिद्रं सगळ्यांत जवळजवळ पडतात ते बघा. ४.४९ की ४.५० मिलिमीटर हा पेलेटच्या डोक्याच्या मापाचा प्रश्नसुद्धा वजनाच्या आधी येतो. वजन करायचंच, तर ते डब्यातल्या भरकटलेल्या चार पेलेट बाजूला काढण्यापुरतं करा. प्रत्येक मिलिग्रॅमचा वेगळा ढीग लावणारे पालक मी पाहिले आहेत. त्यातून मुलाचा स्कोअर वाढलेला पाहिला नाही.

या हिशोबातून काट्याची गरज आपोआप ठरते. ५ मिलिग्रॅमचा फरक खात्रीने पकडायचा तर तीच वस्तू पुन्हा ठेवल्यावर आकडा एक-दोन मिलिग्रॅमच्या आत परत यायला हवा. ०.०१ ग्रॅम दाखवणारा काटा यासाठी निरुपयोगी, कारण त्याची एक पायरीच १० मिलिग्रॅमची. ०.००१ चा हवा. ०.०००१ चा घरी आणलात तर तो तुमचा श्वाससुद्धा मोजेल आणि दिवसभर आकडा ठरणार नाही.

इथे एक गोंधळ नेहमी होतो. परदेशात रायफलची काडतुसं घरी भरणारे लोक ०.१ ग्रेनच्या (ग्रेन हे वजनाचं जुनं इंग्रजी माप) काट्यांची तारीफ करतात आणि आपल्याकडचे लोक ती वाचून तोच काटा मागवतात. त्यांच्या कामाला तो ठीक आहे. एका काडतुसात ४० ग्रेन दारू असेल तर ०.१ ग्रेन म्हणजे पाव टक्का. पेलेटचं अख्खं वजनच ८.२ ग्रेन. तिथे ०.१ ग्रेन, म्हणजे ६.५ मिलिग्रॅम, हा आपण शोधतोय त्या फरकापेक्षाही मोठा झाला. दांडीचा तराजू असो की इलेक्ट्रॉनिक, ०.१ ग्रेनचा असेल तर आपल्या कामाचा नाही. आणि काडतूस घरी भरण्याचं म्हणाल तर शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ५ प्रमाणे दारूगोळा तयार करायला परवाना लागतो. तो विषय आपल्याकडे घरगुती नाहीच.

एककाचं बटण एकदा ग्रॅमवर आणा आणि पुन्हा त्याला हात लावू नका. स्वस्त काट्यांवर ‘टी-एल’ दिसतं ते आपला तोळा समजून एका गृहस्थांनी काटा परत करायची तयारी केली होती. ते चिनी टेल, सुमारे ३७.४ ग्रॅमचं. आपला तोळा ११.६६ ग्रॅमचा, म्हणजे बरोबर १८० ग्रेन.

आधी चाचणी, मग दुरुस्ती

काटा बिघडला असं म्हणण्याआधी एवढं करा. काटा चालू करून अर्धा तास तसाच राहू द्या. एक पेलेट घ्या, चिमट्याने ताटलीच्या मधोमध ठेवा, आकडा लिहा. उचला आणि रिकामा काटा काय दाखवतो तेही लिहा. असं दहादा. मध्ये शून्याचं बटण अजिबात दाबायचं नाही. लोक नेमकं तेच करतात, प्रत्येक वेळी शून्य दाबतात आणि रोगाची खूणच पुसून टाकतात.

आता दोन्ही रकाने बघा. रिकामा आकडा एकाच दिशेने सरकत गेला असेल, ०, १, १, २, ३ असा, तर कारण तापमानात आहे. आकडे दोन्ही बाजूंना उड्या मारत असतील तर वारा, हादरा किंवा विजेचा त्रास. रिकामा आकडा नीट शून्यावर येतो पण पेलेटचा बदलतो, तर ती दर वेळी ताटलीवर वेगळ्या जागी पडते आहे, किंवा स्थिर विद्युत आहे. आणि सगळं अगदी स्थिर, पण मित्राच्या काट्याशी जुळत नाही, तर तो कॅलिब्रेशनचा, म्हणजे काट्याचा आकडा ठरलेल्या वजनाशी जुळवून घेण्याचा प्रश्न. हा शेवटचा रोग सगळ्यांत निरुपद्रवी, कारण आपल्याला पेलेटमधला आपसातला फरक हवा आहे, तिचं खरं वजन नव्हे. गंमत म्हणजे लोक सगळ्यांत जास्त काळजी त्याचीच करतात.

खोलीचे रोग

या काट्यांच्या पोटात ॲल्युमिनियमची एक छोटी दांडी असते, तिला लोड सेल म्हणतात. तिच्यावर चिकटवलेल्या पट्ट्यांचा विद्युत रोध दांडी वाकली की किंचित बदलतो आणि त्यावरून वजन निघतं. पेलेटच्या वजनाने दांडी इतकी कमी वाकते, की दांडीचं एक टोक दुसऱ्यापेक्षा थोडं गरम झालं तरी तेवढाच परिणाम दिसतो. इंदूरचा मे महिना आठवा. बाहेर ४० च्या वर, आत कूलर. काटा कूलरच्या झोतात नसला तरी थंड हवेचे लोट खोलीत फिरत असतात. वरून झोत ताटलीला ढकलतो तो वेगळाच. एका घरात दुपारी काटा नाचायचा आणि रात्री शांत असायचा. रात्री कूलर बंद करून शेजारच्या खोलीत एसी लावत असत, एवढंच कारण होतं.

उपाय असा: पेलेट तोलताना कूलर आणि पंखा बंद. उकाडा सहन होत नसेल तर पहाटे तोला, खोलीचं तापमान तेव्हा सगळ्यांत संथ असतं. काट्याबरोबर आलेलं पारदर्शक झाकण लावा. ते आड येतं म्हणून लोक पहिल्याच दिवशी काढून ठेवतात. झाकण हरवलं असेल तर मिठाईचा पारदर्शक डबा उलटा टाकूनही वारा थांबतो, फक्त तो प्लास्टिकचा, म्हणून पुढचा परिच्छेद वाचून मगच वापरा. काटा खिडकीच्या उन्हात नको. चालू केल्यावर अर्धा तास थांबा. काही काटे दोन मिनिटांनी आपोआप बंद होतात, मग गरम कधी होणार? ती सोय बंद करता येते का ते पुस्तिकेत बघा. येत नसेल तर तो काटा या कामाचा नाही असं मी सरळ सांगतो.

डिसेंबर-जानेवारीत दुसराच त्रास. हवा कोरडी, अंगात लोकरी स्वेटर, काट्याची ताटली किंवा झाकण प्लास्टिकचं. स्थिर विद्युत साठते आणि ताटलीला वर किंवा खाली ओढते. ओळखायची सोपी रीत: केसांतून फिरवलेला कंगवा ताटलीच्या जवळ न्या, स्पर्श न करता. आकडा हलला तर तुमचा काटा स्थिर विद्युत पकडतो. मग प्लास्टिकची वाटी काढून स्टीलची छोटी वाटी घ्या, टेबल आणि झाकण ओलसर फडक्याने पुसा, स्वेटर काढून बसा. चिमटाही स्टीलचा. हाताने पेलेट उचलण्यात बोटाचा ओलावा आणि तेल हे दोन्ही तिच्यावर जातात, आणि एक-दोन मिलिग्रॅमचा शोध असेल तर तेही मोजलं जातं.

पावसाळा मात्र काट्याला बरा. आर्द्रता असते, स्थिर विद्युत नसते, तापमान फार हलत नाही. वर्षभराच्या पेलेट एकदाच तोलून ठेवायच्या असतील तर ऑगस्ट निवडा.

जागा कोणती? कोटा स्टोनचा ओटा लाकडी टेबलापेक्षा कितीतरी स्थिर. पण पेलेट शिशाच्या असतात, स्वयंपाकाच्या ओट्यावर त्या आणायच्या नाहीत, यावर माझी तडजोड नाही. भिंतीत बसवलेली दगडी फळी, खिडकीचा रुंद कट्टा, जिथे ऊन येत नाही असा कोनाडा, काहीही चालेल. नसेल तर जड लाकडी टेबलावर फरशीचा तुकडा ठेवा, खाली रबराचे चार तुकडे. काट्यात बुडबुड्याची पातळी असेल तर बुडबुडा मधोमध आणा. काम झालं की साबणाने हात धुवा आणि टेबल ओल्या फडक्याने पुसा. झाडू नका, शिशाची धूळ उडते.

विजेबद्दल थोडक्यात. अडॅप्टर काढून बॅटरीवर चालवून बघा. उड्या थांबल्या तर अडॅप्टर बदला किंवा कायम बॅटरीवरच तोला. मोबाईल काट्याशेजारी ठेवून वजनं मोबाईलमध्येच टिपून घेणं ही आजकालची रीत आहे. फोन हातभर लांब ठेवा. वही-पेन घेतलंत तर आणखी चांगलं. बॅटरी उतरली की आकडा हळूहळू सरकतो आणि लोक त्याला काट्याचा रोग समजतात.

शून्य गिळणारा काटा

एक रोग खोलीत नाही, काट्याच्या बुद्धीत आहे. रिकाम्या ताटलीवर आकडा किंचित सरकला तर काटा तो स्वतःच शून्य करतो. हेतू चांगला, वापरणाऱ्याला आकडा स्थिर दिसावा. पण त्यामुळे शून्याजवळचा खरा फरकही तो गिळतो. हळूहळू कण टाकत वजन वाढवणाऱ्यांना हा त्रास सगळ्यांत जास्त, दोन-तीन मिलिग्रॅम पडून जातात आणि काटा शून्यच दाखवतो. पेलेट एकदम ठेवली जाते, म्हणून तिथे तो कमी दिसतो. पण कूलरमुळे सरकलेलं शून्य काटा मध्येच पुसतो आणि चाचणीचे आकडे कळेनासे होतात.

यावर प्रयोगशाळेतली जुनी युक्ती: ताटलीवर २० ग्रॅमचं वजन कायम ठेवा आणि शून्य करू नका. पेलेट त्याच्या शेजारी ठेवली की २०.५३२ असं दिसेल. काटा आता शून्याजवळ नाही, त्यामुळे तो काही गिळत नाही. दर दहा पेलेटनंतर नुसतं २०.००० येतंय का ते बघा. नाही आलं तर मधल्या पेलेट पुन्हा तोला. ही एक सवय लावली तर अर्ध्याहून जास्त तक्रारी संपतात असा माझा अनुभव आहे.

कॅलिब्रेशन आणि सराफा

नव्या काट्याला घरी आणल्यावर एकदा कॅलिब्रेट करायलाच हवं, आणि त्याचं कारण फार लोकांना माहीत नसतं. लोड सेल वजनाचा जोर मोजतो, वस्तुमान नाही. गुरुत्वाकर्षण सगळीकडे सारखं नसतं, विषुववृत्ताकडे ते कमी होतं आणि उंचीवरही. इंदूर २२.७ अक्षांशावर, समुद्रसपाटीपासून साधारण ५५० मीटरवर. जर्मनीच्या म्युनिकजवळ कॅलिब्रेट केलेला काटा इथे तसाच लावला तर १०० ग्रॅमला सुमारे २०० मिलिग्रॅम कमी दाखवेल. ०.५३ ग्रॅमच्या पेलेटला तो फरक जेमतेम एक मिलिग्रॅमचा. म्हणून पेलेटमध्ये तो लक्षात येत नाही, पण ५० ग्रॅमचं वजन ठेवून बघणारा माणूस घाबरतो. दोन पारड्यांचा तराजू यातून सुटतो, कारण तो एका वजनाची दुसऱ्याशी तुलना करतो आणि दोघांवर गुरुत्वाकर्षण सारखंच.

कॅलिब्रेशनचं वजन कोणतं? पाकिटात आलेल्या वजनावर प्रकार लिहिलेला नसेल तर त्याला मी शोभेची वस्तू समजतो. वजनांचे वर्ग असतात: एफ-१, एफ-२, एम-१. एफ-२ वर्गाच्या २० ग्रॅमला ०.८ मिलिग्रॅमपर्यंत चूक चालते, एम-१ ला २.५ मिलिग्रॅम. घरी एफ-२ भरपूर झालं, एम-१ सुद्धा चालेल. नाणं वापरू नका, घासलेलं नाणं वजन नाही. वजनाला हात लावायचा नाही, चिमटा.

खरेदी करायची तर इंदूरच्या सराफा बाजारात जा, पण दिवसा. संध्याकाळनंतर गेलात तर तिथे काटे नाही, खाऊगल्लीतला गराडू आणि भुट्ट्याचा कीस मिळेल, आणि मग कोणाला काटा आठवतो! सराफांना काचेच्या पेटीत बसलेले मिलिग्रॅम काटे पुरवणारे आणि दुरुस्त करणारे लोक त्याच गल्ल्यांच्या आसपास असतात. सराफाचा जुना, नीट सांभाळलेला काटा नव्या खिशातल्या काट्यापेक्षा मी केव्हाही पसंत करीन. हजार-दोन हजारांचा खिशातला काटा सुद्धा चालतो, पण झाकण, धातूची ताटली, आपोआप बंद न होणं आणि कॅलिब्रेशनची सोय या चार गोष्टी असतील तरच. क्षमता कमी असलेला घ्या, ५० ग्रॅमचा. ज्याच्यावर पाचशे ग्रॅमही चालतात आणि मिलिग्रॅमही दिसतात असं म्हणतात, त्याच्या शेवटच्या आकड्यावर माझा विश्वास नाही.

व्यापाराच्या काट्याच्या पाटीवर ‘डी’ आणि ‘ई’ असे दोन आकडे असतात. ‘डी’ म्हणजे पडद्यावरची पायरी, ‘ई’ म्हणजे ज्यावर सरकारी नापतौलवाले तपासणी करतात ती. जुन्या सराफी काट्यात ‘डी’ १ मिलिग्रॅम आणि ‘ई’ १० मिलिग्रॅम असं असू शकतं. अशा काट्यावर शिक्का मारताना लहान वजनाला अर्ध्या ‘ई’ एवढी, म्हणजे ५ मिलिग्रॅमची चूक चालते. शिक्का आहे म्हणून निश्चिंत राहू नका. दुकानातच वरची दहा वेळांची चाचणी करा, पेलेट खिशात घेऊन जा. सांगितल्यावर जो दुकानदार कुरकुर करतो त्याच्याकडून घेऊ नका. चांगल्या माणसाला उलट आनंद होतो, चहा मागवतो.

विद्युतचुंबकाने वजन तोलून धरणारे काटे लोड सेलच्या काट्यांपेक्षा कितीतरी स्थिर असतात आणि किंमतही कितीतरी पट. क्लबने मिळून एक घेतला तर ठीक. एका घराने दहा मीटरच्या पेलेटसाठी घेणं मला पटत नाही.

सगळं करूनही रिकामा आकडा दर वेळी वेगळ्या ठिकाणी येऊन थांबत असेल, पेलेट कडेला ठेवल्यावर आणि मध्ये ठेवल्यावर पाच-सहा मिलिग्रॅमचा फरक पडत असेल, तर विचारा, काटा कधी पडला होता का, किंवा कोणी त्यावर बोट दाबून ‘चालतो का’ असं बघितलं होतं का. ५० ग्रॅमच्या सेलवर बोटाचा जोर सहज किलोभर पडतो. दांडी एकदा कायमची वाकली की कॅलिब्रेशनने सरळ होत नाही, आणि सेल बदलण्याचा खर्च नव्या काट्याएवढा येतो. असा काटा टपालाची पाकिटं तोलायला ठेवा. स्वयंपाकघरात केशर-वेलची मोजायला मात्र कोणी मागितला तरी देऊ नका, त्याच्या ताटलीवर शिसं बसलेलं आहे.